ग्राफिक्सच्या लॅबमधला खेकडा

ठाकुर्लीपासून घोडबंदर रोडपर्यंत जेवढी पोरं आज कॉम्प्युटरवर चित्रं हलवून पोट भरतायत, त्यातल्या निम्म्यांना कॉम्प्युटर ग्राफिक्स मी शिकवलंय!

शिकवलंय म्हणजे, लॅबचं कुलूप मी उघडायचो. पंखे लावायचो, चपला बाहेर काढायला लावायचो आणि "पेन ड्राइव्ह लावू नका रे" म्हणून ओरडायचो. आता तुम्ही म्हणाल, ह्याला काय शिकवणं म्हणतात? मग कुलूप न उघडता कोणी शिकवून दाखवा ना!

आमच्या लॅबबाहेर दर वर्षी एक-दोन जोड चपला उरतात. बॅच पास होऊन निघून जाते, चपला इथेच. किस्स्यांचंही तसंच. चपला मी भंगारवाल्याला देऊन टाकतो, पण किस्से तो घेत नाही. विचारून बघितलं. म्हणून ते तुमच्या गळ्यात.

आधी माझी ओळख. मी नववी नापास, तीही दोनदा, म्हणजे नववीचा अनुभव दांडगा. तरुणपणी कल्याणच्या बाजारात दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबर प्लेटी रंगवायचो. माझ्या हातचं अक्षर बघायला लोक थांबायचे, असं मी म्हणतो. बाकी कोणी म्हणत नाही. मग फ्लेक्स आला. कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत पाटी तयार! माझे ब्रश डब्यातच वाळले. मेव्हण्यानं मला चिकटवलं कुठे, तर इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि तेही ग्राफिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट म्हणून! ज्यानं माझं दुकान बसवलं, त्याच्याच घरची किल्ली माझ्या कमरेला. तेव्हापासून सगळं कॉलेज मला मामा म्हणतं.

विषय शिकवतात आपटे मॅडम. डोंबिवलीच्या. शुद्ध बोलतात आणि शुद्ध रागावतात. वैताग आला की कपाळावर हात मारतात. हाताला खडू, त्यामुळे कपाळावर पांढरा पट्टा उमटतो. तास कसा झाला हे मला विचारावं लागत नाही. मी पट्टे मोजतो.

आणि रोशन म्हात्रे. डोंबिवलीजवळच्याच गावातला. आजा मिठागरात राबलेला, बापानं जमीन बिल्डरला दिलेली. घोडबंदर रोडला एक ऑफिस आहे, ते न बांधलेल्या बिल्डिंगी स्क्रीनवर उभ्या करून गिऱ्हाइकाला आतून फिरवून आणतं. त्यांनी रोशनला नोकरी कबूल केलेली. अट एकच, डिग्री पाहिजे. बाकीचे सगळे विषय सुटलेले, ग्राफिक्स मात्र तीनदा उडालेला. त्यात जुना अभ्यासक्रम बंद होत होता, म्हणजे ही शेवटची परीक्षा. ह्यात गेला तर डिग्री गेली आणि डिग्रीबरोबर नोकरीही.

मी मॅडमना म्हटलं, "द्या ना ढकलून एकदाचा."

"ढकलायला तो बंद पडलेली रिक्षा आहे का, मामा? मी शिकवणार आणि तो शिकणार."

झालं! तिथून सहा महिने माझ्या डोक्याला ताप.

* * *

शाळेत आलेख शिकवतात तेव्हा वर गेलं की आकडा वाढतो. कॉम्प्युटरचं डोकं उलटं. त्याचं शून्य वरच्या कोपऱ्यात, आणि खाली याल तसा आकडा वाढतो. मॅडम हे पहिल्या तासाला सांगतात, दुसऱ्याला सांगतात, तिसऱ्याला फळ्यावर लिहून त्याला चौकट करतात. पोरं माना हलवतात. मग घर काढायला सांगितलं की लॅबभर घरं शीर्षासनात!

मॅडम रोशनच्या मशीनपाशी थांबल्या. "म्हात्रे, तुमच्या घराचं छप्पर जमिनीत का घुसलंय?"

"मॅडम, बेसमेंट पार्किंग."

पट्टा.

"मी ऑफिसातून येईपर्यंत ते घर सरळ उभं दिसलं पाहिजे," म्हणाल्या आणि गेल्या.

रोशन माझ्याकडे वळला. "मामा, मना नाय जमत रे."

आता पोरगं अडचणीत आहे म्हटल्यावर मी गप्प बसणार का? मी मॉनिटर उचलला आणि उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला. घर ताठ! मॉनिटरचा पाय तेवढा आभाळाकडे गेला. त्यावर रोशननं स्वतःची बॅग अडकवली. लॅबमध्ये टाळ्या!

मॅडम आल्या. घर बघितलं. देवाशपथ सांगतो, एक क्षण बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, "म्हात्रे, नारळाचं झाड घराच्या डावीकडे काढायला सांगितलं होतं. मघाशी ते डावीकडेच होतं. आता उजवीकडे कसं गेलं?"

"वाऱ्यानं, मॅडम."

मॅडमनी बॅग उचलली. खाली मॉनिटरचा पाय. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "वारा जोरात होता, मॅडम."

* * *

रंग भरण्याचा तास म्हणजे तर आपत्ती. चौकोन काढायचा आणि त्याच्या आत एका ठिपक्यावर रंग सोडायचा. तो शेजारच्या ठिपक्यावर जातो, तिथून त्याच्या शेजारच्या, असं करत कडेपर्यंत भरत जातो. पण कडेचा एक ठिपका जरी सुटला, की रंग त्या फटीतून बाहेर आणि मग सगळा स्क्रीन लालभडक!

त्या दिवशी बघावं तिकडे लाल. मॅडम ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतायत, "कडा बंद करा! अरे, आधी कडा बंद करा!"

मी दारातून विचारलं, "मॅडम, प्लंबर बोलावू का?"

नुसतं बघितलं माझ्याकडे. पंख्याखाली असून मला घाम फुटला.

रोशन एकटा स्क्रीनकडे बघत बसलेला. एकदम म्हणाला, "मॅडम, हे तर खेकड्याचं काम आहे."

वर्ग हसला. मॅडमचा हात कपाळाकडे निघाला. "कोणाचं?"

"खेकड्याचं. मिठागरात पानी अडवायचे चौकोन असतात, कोंड्या. एका कोंडीचं पानी दुसरीत जाऊ नये म्हनून मध्ये बांध असतो ना, त्याला खेकडा भोक पाडतो. बोटाएवढं. पन सगळं पानी जातं, पिकायला आलेलं मीठ वाया. माझा आजा पान्याकडं बघायचाच नाय. म्हनायचा, पानी कुठं गेलं ते बघून काय करनार? भोक बांधात असतं. बांधावर चाल."

मॅडमचा हात अर्ध्यात थांबला.

"परत सांगा," मॅडम म्हणाल्या. "इकडे पुढे येऊन सांगा. सगळ्यांना."

रोशननं सांगितलं. त्या तासाला एकही पट्टा नाही! मला वाटतं खडू संपला असेल.

* * *

ह्या ग्राफिक्सवाल्यांना किटलीचं फार वेड. उजेड शिकवायचा, किटली. सावली शिकवायची, किटली. वस्तू फिरवायची, परत किटली. पोट गोल, नळी वाकडी, वर झाकण, सगळं एका ठिकाणी मिळतं म्हणे. मॅडमनी घरची स्टीलची किटली आणली, टेबलावर ठेवली आणि हजेरीपट आणायला गेल्या.

सकाळचे अकरा वाजलेले आणि समोर किटली रिकामी! हे बघवतं का सांगा? मी कॅन्टीनमध्ये नेऊन ती गळ्यापर्यंत भरून आणली. ती शिकवण्यासाठी आणलेली आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे, चौकशीत मी तसं सांगितलं.

मॅडमनी दिवे बंद केले, टॉर्च मारला. "बघा, उजेड जिथे थेट आपटतो तिथे ही पांढरी चकाकी. कडेला रंग गडद होत जातो." पोरं चक्क ऐकत होती. मॅडमनाही चेव चढला. टॉर्च ठेवला, किटली दोन्ही हातांनी उचलली. "आता ही किटली आपण आडव्या अक्षाभोवती नव्वद अंशांतून फिरवू."

आणि फिरवली!

चहा पहिल्या बाकावर, चहा टेबलावर, चहा विभागप्रमुखांनी तपासणीसाठी ठेवलेल्या फायलीवर. अंधारात कोणाला कळेना काय झालं. मागून रोशनचा आवाज आला, "मॅडम, आउटपुट आला!"

दिवे लागले. मॅडम इतकंच म्हणाल्या, "मामा."

शिक्षा झाली. मेमो नाही, काही नाही. "आजपासून माझ्या प्रत्येक तासाला तुम्ही मागच्या बाकावर बसायचं. हात बाकावर. मला दोन्ही हात दिसले पाहिजेत."

नववीनंतर पहिल्यांदाच मी बाकावर बसलो. बाक काही सुधारलेला नाही, तेवढाच टणक. पण आपण पण जुने खेळाडू. हात बाकावर ठेवून, पाठ ताठ करून, पहिल्या पाच मिनिटांत झोप काढायचो! पार परीक्षेपर्यंत. एक शब्द कानात शिरू दिला नाही.

* * *

आता थोडं मागे जातो, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

परीक्षेला प्रत्येकानं एक छोटा प्रोजेक्ट दाखवायचा असतो. कधी काळी एका हुशार पोरानं रस्त्यावरून जाणारी गाडी केलेली. डावीकडून येते, उजवीकडे जाते, वर सूर्य. मी तेव्हा त्याच्यामागे उभा होतो. म्हटलं, "अरे, नंबर प्लेट नाही? बिननंबरची गाडी दुर्गाडीच्या पुलावरच पकडतील!" त्यालाही पटलं. नंबर कुठला टाकायचा, तर मी माझ्या स्कूटरचा सांगितला. हसलो, विसरलो.

पोरं कशी असतात तुम्हाला माहीत आहे. पुढच्या बॅचनं ती गाडी उतरवून घेतली, त्याच्या पुढच्या बॅचनं त्यांच्याकडून. कोणी गाडीचा रंग बदलायचा, कोणी सूर्य मोठा करायचा. नंबर बदलायची तसदी एकानंही घेतली नाही!

गेल्या वर्षी बाहेरून परीक्षक आले ते घोडबंदर रोडचे. बारीक, चष्मेवाले, काहीच न सोडणारे. पहिली गाडी बघितली. दहावी बघितली. विसाव्या गाडीला चष्मा पुसला.

"मॅडम, तुमच्याकडे सगळी मुलं एकाच गाडीतून येतात का?"

मॅडमना कपाळ पुरलं नाही. हनुवटीवर सुद्धा खडू.

परीक्षकांची बॅग घेऊन मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. तिथे झाडाखाली माझी स्कूटर. ते चालता चालता थांबले. नंबर प्लेट वाचली. परत वाचली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ही धावते का हो?"

मी म्हटलं, "सर, स्क्रीनवरच."

नंबर माझ्या स्कूटरचा आहे हे मॅडमना कळायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. त्या वर्षी त्या गाडीपायी बरेच जण उडाले. त्यात रोशन होता, तिसऱ्यांदा. हसायला मला आवडतं, पण तो निकाल बघून आलो त्या दिवशी मी कोणाची खोड काढली नाही. दुपारपर्यंत.

* * *

म्हणून ह्या वर्षी मॅडमनी फर्मान काढलं, "गाडी बंद. ज्यानं त्यानं आपलं काहीतरी करायचं."

रोशननं मिठागर केलं. चार कोंड्या, त्यांचे बांध, खाडीची भरती. पाणी पहिल्या कोंडीत येणार, ती भरली की दुसरीत सोडणार, असं करत शेवटी पाणी आटून पांढऱ्या मिठाचे ढीग. महिनाभर चाललेलं त्याचं. मोबाईलवर आज्याला दाखवलं, तर आजा म्हणाला, "बांध वाकडा हाय." बिचाऱ्यानं बसून बांध सरळ केला.

परीक्षेच्या सकाळी मी लॅब झाडत होतो. रोशन मशीन चालू ठेवून, प्रोग्राम उघडा टाकून वडापाव खायला गेलेला. परीक्षक पुन्हा तेच चष्मेवाले, अकराला येणार. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून म्हणजे बारा. आता घड्याळात साडेनऊ.

मी म्हटलं, जरा गंमत करू. प्रोग्राममध्ये दुसऱ्या कोंडीच्या बांधाची ओळ होती. तिथे दोनशे चाळीस होतं, मी दोनशे त्रेचाळीस केलं. बस्स, बांधाला बारीकशी फट. पोरगं येईल, चालवून बघेल, चेहरा उतरेल, मी हसेन आणि परत चाळीस करून देईन. एवढाच बेत.

मागे वळलो, तर दारात मॅडम आणि शेजारी परीक्षक! घोडबंदर रोडवरून निघालेला माणूस वेळेआधी पोचलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला!

"मॅडम, सुरुवात करू या," ते म्हणाले. "लवकर निघायचंय. पहिला कोण?"

"म्हात्रे," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात रोशन हात पुसत आत आला.

मी पुढे झालो. "सर, आधी चहा?"

"नको."

"सर, हे मशीन फार गरम झालंय. दोन मिनिटं बंद करतो."

"मामा," मॅडम म्हणाल्या, "मागचा बाक."

गेलो. हात बाकावर ठेवले, मॅडमना दोन्ही दिसतील असे.

रोशननं प्रोग्राम चालवला. भरती आली. पहिली कोंडी भरली. छान! दुसरी भरायला लागली, आणि फसकन पाणी बाहेर! तिसरी कोंडी, चौथी, रस्ता, आभाळ, सूर्य, सगळं निळं.

परीक्षक म्हणाले, "मिठागर कुठे आहे ह्यात? हा तर समुद्र झाला."

मॅडमचा हात वर गेला. रोशनच्या तोंडचा रंग उडाला. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, उठून सांगून टाकावं असं वाटलं, पण बसूनच राहिलो. सगळं आयुष्य लोकांना बावळट बनवलं, आणि ऐन वेळी बावळट मीच!

तेवढ्यात रोशनचा आवाज आला. "सर, बांधाला खेकडा लागलाय."

"काय लागलंय?"

"भोक पडलंय. पाच मिनिटं द्या."

आणि मग त्या पोरानं पाण्याकडे ढुंकून बघितलं नाही. स्क्रीनवर बांधांच्या ओळी काढल्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवत पुटपुटत खाली निघाला. आज्यासारखा. बांधावर चालतोय जणू. पहिला बांध, दुसरा बांध. बोट थांबलं.

"घावला!"

त्रेचाळीसचे परत चाळीस झाले. पाणी कोंडी कोंडी करत भरलं, जिथे थांबायचं तिथे थांबलं, आटलं, आणि मिठाचे चार पांढरे ढीग उभे राहिले.

परीक्षक खुर्ची ओढून बसले. दोन खेकडे असते तर? बांध तिरका असता तर? ह्यानं सगळ्याची उत्तरं दिली. काही मराठीत, काही इंग्लिशमध्ये, काही हातवारे करून. मॅडमचं कपाळ कोरं.

शेवटी परीक्षकांनी विचारलं, "खरं सांगा, ही चूक तुम्ही मुद्दाम ठेवली होती ना? शोधून दाखवायला?"

रोशननं मान वळवून मागच्या बाकाकडे बघितलं. सावकाश.

"नाय सर," म्हणाला. "खेकडा कॉलेजचाच आहे."

* * *

निकाल लागला. रोशन सुटला. पेढे घेऊन आला, मॅडमच्या पाया पडला. माझ्याही पडायला वाकला, पण मला चिमटा काढूनच उठला. सोमवारपासून घोडबंदर रोडला जाणार.

तो गेल्यावर मी मॅडमसमोर पेढ्याचा बॉक्स घेऊन छाती काढून उभा राहिलो. "बघा मॅडम. सहा महिने शिकवलंत तुम्ही, पण पास कोणी केला? मी! मी तो आकडा बदलला नसता, तर परीक्षकानं मिठागर बघितलं असतं, बरं म्हटलं असतं आणि जेमतेम मार्क दिले असते. खेकडा मी सोडला, म्हणून पोराला भोक बुजवून दाखवता आलं!"

मला वाटलं, आता हात कपाळावर जाणार. नाही गेला. मॅडमनी पेढा खाली ठेवला, चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"मामा, दोनशे ओळींचा प्रोग्राम होता. त्यात बांध कुठला आणि खाडी कुठली हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. नुसते आकडे होते. त्यातून दुसऱ्या कोंडीच्या बांधाची ओळ तुम्ही काढलीत. तिच्यातला नेमका असा आकडा बदललात, की बाकी काही बिघडणार नाही, फक्त फट पडेल. मी काही रागावत नाही. मला एवढंच सांगा, माझ्या तासाला तुम्ही झोपायचात ते नक्की केव्हा?"